गणितात पाचवी, वाचनात सातवी

मागच्या अंकात बारमाही होमस्कूलिंगबद्दल, म्हणजे मोठी सुट्टी न घेता वर्षभर घरीच शिकवण्याबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. गंमत म्हणजे शिकवायचं कसं हे फारसं कुणी विचारलेलंच नाही, सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडलीये: मोठी सुट्टीच नाही तर वर्ष संपलं हे कळणार कसं आणि पुढची इयत्ता सुरू कुठून करायची. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं थोडी काटछाट करून घेतलीयेत, नावं मुद्दामच दिलेली नाहीयेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं झाली घरीच शिकतेय. आम्ही मोठी सुट्टी घेत नाही, सहा आठवडे अभ्यास आणि सातवा आठवडा मोकळा असं वर्षभर चालू असतं, आणि तिला ते मानवलंयसुद्धा. पण आता चौथीचं गणित संपत आलंय, विज्ञानाचं पुस्तक संपून महिना झाला आणि भाषेचं अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही. पाचवी कधी सुरू करू? सगळी पुस्तकं एकदम संपायची वाट बघितली तर गणित नुसतं बसून राहील. आणि सासूबाई दर फोनला विचारतात, कितवीत गेली? मी दर वेळी वेगळं उत्तर देते, आता त्यांना संशय यायला लागलाय.

उत्तर : सासूबाईंचं आधी मिटवू, ते सोपं आहे. तिच्या वयाची शाळेतली मुलं ज्या इयत्तेत असतील ती इयत्ता सांगायची आणि तब्येत कशी आहे विचारायचं. हे खोटं नाही हो. आपण इयत्ता हा एकच शब्द दोन कामांना वापरतो आणि सगळा घोळ तिथे होतो.

एक इयत्ता असते लोकांसाठी आणि कागदांसाठी. स्पर्धेचा फॉर्म, शिबिरातला गट, कुठेतरी नाव नोंदवताना भरायचा रकाना, यासाठी. ही वर्षातून एकदा, एका ठरलेल्या तारखेला बदलायची, मूल कुठल्या पानावर आहे ते बघायचंसुद्धा नाही. तुमच्या भागात शाळा उघडतात तो दिवस घ्या, वाढदिवस घ्या, काहीही घ्या, फक्त दर वर्षी तोच ठेवा. दुसरी इयत्ता पुस्तकाच्या कव्हरवर छापलेली असते, आणि ती विषयागणिक वेगवेगळी चालते. गणिताचं चौथीचं संपलं की दुसऱ्या दिवशी, बरं, चार दिवसांनी म्हणा, पाचवीचं उघडायचं. विज्ञान संपून महिना झाला म्हणताय, मग तो महिना कशाची वाट बघत होतात? भाषेची? भाषा येईल मागून आपल्या चालीने, तिच्यासाठी विज्ञानाने दारात उभं राहायचं काही कारण नाही.

सगळे विषय एकाच दिवशी एकाच पायरीवर असले पाहिजेत हा शाळेचा नियम आहे आणि शाळेला तो लागतो, कारण एका खोलीत तीस-चाळीस मुलं असतात. घरात एक असतं. आणि ही वयाप्रमाणे वर्ग पाडायची पद्धतसुद्धा काही फार जुनी नाही, अमेरिकेत तर बॉस्टनच्या क्विन्सी शाळेत १८४८ साली प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली आणि वेगळे शिक्षक असा प्रकार पहिल्यांदा नीट बसवला गेला, त्याआधी एकाच खोलीत लहानमोठी सगळी मुलं बसायची आणि ज्याचं जे वाचन झालं असेल तिथून तो पुढे. नंतर १९१९ पासून कार्लटन वॉशबर्न नावाच्या गृहस्थांनी शिकागोजवळच्या विनेटकामध्ये सरकारी शाळांतच मुलांना गणित आणि वाचन ज्याच्या त्याच्या वेगाने करू दिलं, म्हणजे मूल एका विषयात पुढे आणि एकात मागे हे तिथे चालायचं. शंभर वर्षांपूर्वी शाळेत चाललं, तर तुमच्या जेवणाच्या टेबलावर का नाही चालणार?

माझी मुलगी साधारण तुमच्या मुलीएवढी असताना आम्ही लिफ्टमध्ये होतो, एका काकूंनी नेहमीचा प्रश्न विचारला, कितवीत आहेस गं? आणि ही अगदी शांतपणे, बोटं मोजत म्हणाली, "गणितात पाचवी, वाचनात सातवी, अक्षर तिसरीतलं आहे." काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी मजल्याचं बटण परत एकदा दाबलं. घरी आल्यावर मात्र लक्षात आलं की मी इतकी वर्षं ज्याचा तक्ता करायचा प्रयत्न करत होते ते हिने तीन मजल्यांत सांगून टाकलं होतं.

आता एक हिशोब करा, कारण बारमाहीवाल्यांना हा कुणी सांगत नाही. बरीचशी तयार पुस्तकं साधारण ३६ आठवड्यांच्या हिशोबाने बेतलेली असतात, आठवड्याला पाच धडे धरले की १८० होतात. तुमची सहा अधिक एकची पद्धत म्हणजे सहा फेऱ्यांत ३६ आठवडे अभ्यास आणि सहा आठवडे सुट्टी, एकूण ४२. वर्षाचे उरले दहा. म्हणजे मधे काही थांबलं नाही तर पुस्तक दर वर्षी दहा आठवडे आधी संपणार, आणि पाच वर्षांत पन्नास आठवडे, म्हणजे जवळजवळ अख्खं एक वर्ष. यात मुलगी फार हुशार आहे असं नाही (असेलही, मी कुठे नाही म्हणतेय), हा निव्वळ कॅलेंडरचा परिणाम आहे. त्यामुळे पुढची इयत्ता सुरू व्हायची तारीख दर वर्षी अलीकडे सरकतेय म्हणून घाबरू नका आणि फुशारूनही जाऊ नका. ते दहा आठवडे हवे तर वापरा, आजारपण, पाहुणे, घर बदलणं, नुसतीच गोष्टीची पुस्तकं वाचणं, त्यासाठीच ते आहेत.

आणि भाषेचं निम्मं पुस्तक राहिलंय त्यातलं तिला येतंय किती ते आधी बघा. पुढच्या दहा धड्यांची फक्त शेवटची स्वाध्यायं करून घ्या. जे धडाधड सुटेल ते सोडून द्या. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान भरून संपवायचं, हे व्रत कुणीही आपल्याला दिलेलं नाहीये.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीचं गणित सात महिन्यांत संपवलं. आता चौथीचं लगेच द्यावं असं मला वाटतं, पत्नीचं म्हणणं घाई नको. या वेगाने एका वर्षात दोन इयत्ता होतील का? आणि पुस्तक संपलं म्हणजे खरंच संपलं हे ओळखायचं कसं?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला थोडं थांबा, दुसराच खरा आहे, आणि त्यात मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून जरा लांबण लावते.

माझ्या मुलानेही असंच तिसरीचं पुस्तक झपाट्याने उडवलं होतं. रोजचं पान बरोबर, रोज शाबासकी, मी खूश. चौथीचं उघडलं आणि तिसऱ्या आठवड्यात चार आकडी वजाबाकी आली, ४००२ वजा १७८९. पठ्ठ्याने उत्तर काढलं ३७८७. मी म्हटलं परत कर. परत ३७८७. मग शेजारी बसून बघितलं तर तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करत होता, नवातून दोन गेले सात, आठातून शून्य गेलं आठ, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. हातचा घ्यायचा वगैरे काही नाही. खरं उत्तर २२१३. आता हा मुलगा हातच्याची वजाबाकी तिसरीत न चुकता करत होता, माझ्याकडे वही आहे! पण त्या धड्यात सगळी गणितं हातच्याचीच होती, वर ठळक अक्षरात तसं लिहिलेलं होतं, एक सोडवून दाखवलेलं होतं, त्यामुळे तो विचार करत नव्हताच, वरच्यासारखं खाली करत होता. धडा गेला, शीर्षक गेलं, वजाबाकी पण गेली. आणि मधे दोन शून्यं आली की हातचा आणायचा कुठून हे त्याला कधी कळलंच नव्हतं. आम्ही सहा आठवडे मागे गेलो. त्याला वाईट वाटलं, मला जास्त.

तेव्हापासून आमच्याकडे पुस्तक संपल्यावर तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही. त्या तीन आठवड्यांत गणित बंद नसतं, कोडी, मोजमाप, नकाशावरची अंतरं, पैशांचे हिशोब असलं काहीतरी चालू असतं, फक्त ते पुस्तक नाही. मग एक दिवस मी साध्या कागदावर त्या पुस्तकाच्या शेवटच्या एक तृतीयांश भागातली वीस गणितं उतरवते, सगळी मिसळून, बेरजेखाली गुणाकार, मधेच घड्याळाचं, मधेच शाब्दिक, आणि वर शीर्षक नाही, सोडवलेलं उदाहरण नाही. मी बाजूच्या खोलीत. सतरा-अठरा बरोबर आली तर पुढचं पुस्तक. बारा-तेरा आली तर कुठली चुकली ते बघायचं, बहुतेक वेळा ती एकाच गोष्टीची असतात, ती गोष्ट आठवडाभर घ्यायची आणि तेवढीच परत विचारायची, अख्खं पुस्तक परत नाही. त्याहून कमी आली तर तुमच्या पत्नीचं बरोबर आहे.

हा सतरा-अठराचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९६८ मध्ये मांडलं की वेळ ठरवून देऊन कुणाला किती आलं बघण्यापेक्षा किती यायला हवं ते ठरवा आणि वेळ कमीजास्त होऊ द्या, आणि त्या पद्धतीत पुढे जायची रेघ साधारण ८० ते ९० टक्क्यांवर धरतात. शंभरावर नाही, हे लक्षात घ्या, कारण शंभराच्या मागे लागलेले पालक मी पाहिलेत, त्यांची मुलं एकाच पुस्तकात म्हातारी होतात. आणि तीन आठवड्यांची गॅप कशाला, तर हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीलाच विसरतं, नंतर विसरायचा वेग मंदावतो. म्हणजे संपल्या संपल्या घेतलेली परीक्षा फसवते, तीन आठवड्यांनी जे उरलंय ते बऱ्यापैकी टिकाऊ. त्यांनी निरर्थक अक्षरं पाठ केली होती, गणितं नव्हे, पण तुम्ही करून बघा, घराघरात तेच दिसतं.

आता वर्षात दोन इयत्ता. गणितात होऊ शकतात, खालच्या इयत्तांमध्ये तर सहज, कारण पुढच्या पुस्तकाचे सुरुवातीचे धडे मागच्याची उजळणीच असते, सुट्टीत विसरून आलेल्या मुलांसाठी ठेवलेली. तुमचा मुलगा कालपर्यंत तेच करत होता, त्याला ते कशाला परत? प्रत्येक धड्याचं शेवटचं स्वाध्याय द्या, आलं की उडवा. पण वेगाचा आकडा घरात कुणासमोर बोलू नका, त्याच्यासमोर तर मुळीच नको. सात महिन्यांत संपवलं याचं कौतुक झालं की पुढचं पुस्तक तो शिकायला नाही, संपवायला उघडणार. माझ्याकडे झालं ते यामुळेच झालं असं मला आता वाटतं, ती शाबासकी माझीच होती.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा. गेल्या वर्षी घरात आजारपण होतं, वर्षभर अभ्यास तुटक तुटक झाला. तारखेप्रमाणे तो सहावीत जायला हवा पण पाचवीचं गणित अर्धंच झालंय. त्याला पाचवीतच ठेवू का अजून एक वर्ष?

उत्तर : नका ठेवू. म्हणजे पाचवीचं गणित खुशाल ठेवा, त्याला ठेवू नका. वाचन, इतिहास, विज्ञान हे विषय पायऱ्यांचे कमी आणि पसरलेले जास्त असतात, पाचवीचं एक प्रकरण राहिलं म्हणून सहावीचं कळणार नाही असं बहुतेक वेळा होत नाही, ते सरळ सहावीचं घ्या. गणित जिथे आहे तिथून पुढे न्या. कागदावर सहावी. वर्षभर अभ्यास करणाऱ्यांना हाच तर फायदा आहे की इयत्ता बदलायला पुढच्या वर्षीच्या त्याच महिन्याची वाट बघावी लागत नाही, पाचवीचं गणित चार महिन्यांनी संपलं तर चार महिन्यांनी सहावीचं सुरू.

एक करा, पुस्तकांना कव्हर घाला. खरंच सांगतेय. अकरा वर्षांच्या मुलाला समोरच्या पुस्तकावर मोठा पाचचा आकडा रोज दिसणं बरं वाटत नाही आणि त्यात त्याची चूक काहीच नाहीये.

प्रश्न : ताई, इयत्ता बदलताना मधे मोठी सुट्टी घ्यावी की नाही? मुलांना ब्रेक हवा असं सगळे म्हणतात. आणि दोन मुलं आहेत, दोघांची इयत्ता एकाच दिवशी बदलू का?

उत्तर : दोघांची कागदावरची एकाच दिवशी बदला, नाहीतर धाकटा रडतो. पुस्तकं ज्याची त्याला.

सुट्टीचं म्हणाल तर थकवा कुणाला आलाय ते आधी बघा. बहुतेक वेळा आईला आलेला असतो! मग सुट्टी घ्याच, त्यात लाजायचं काय. पण लांबी बेताची ठेवा. मोठ्या सुट्टीत मुलं किती विसरतात यावर हॅरिस कूपर हे अमेरिकन संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जुन्या ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी घसरण दिसली, आणि ती वाचनापेक्षा गणिती आकडेमोड आणि स्पेलिंग यात जास्त. नंतरच्या काही संशोधकांनी ही घसरण वाटते तेवढी नाही असंही म्हटलंय, तो वाद त्यांच्यात चालू राहू दे. माझ्या घरचा अनुभव असा की दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीने काही बिघडत नाही, सहाच्या वर गेलं की परतल्यावर पाढे आधी जातात. तुम्ही वरच्या उत्तरातले तीन आठवडे आणि ही सुट्टी एकच करून टाकली तरी चालेल, एका दगडात दोन पक्षी.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे १८० दिवस भरावे लागतात. आम्ही वर्षभर थोडं थोडं शिकवतो, तर १८० दिवस भरले की इयत्ता संपली असं धरायचं का? मग उरलेले दिवस कुठल्या इयत्तेत टाकायचे?

उत्तर : १८० दिवस ही हजेरी आहे, इयत्ता नाही. तुमच्याकडे १८० दिवस किंवा तास मोजायचे असतील तर प्राथमिकला ९०० आणि माध्यमिकला ९९० तास, असा हिशोब आहे, आणि शाळेचं वर्ष १ जुलैपासून ३० जूनपर्यंत धरतात. म्हणजे तुमची कागदावरची तारीख आयतीच ठरलेली आहे. ३० जूनला मूल गणिताच्या १४२व्या पानावर असेल तर १ जुलैला १४३वं पान, फक्त वहीत एक रेघ मारा आणि नवी फाइल सुरू करा. १८० दिवस मार्चमध्येच भरले तर उत्तम, पुढचा अभ्यास बंद करू नका आणि तो पुढच्या वर्षाच्या खात्यातही टाकू नका, एप्रिलचा दिवस १ जुलैनंतरच्या वर्षात मोजता येत नाही. भागाकार केलात तर आठवड्याला साडेतीन दिवससुद्धा पडत नाहीत, चार दिवस शिकवलंत तर ४५ आठवड्यांत काम झालं, सात आठवडे हाताशी राहतात.

बाकीच्या वाचकांनी मात्र हे आकडे उचलून स्वतःला लावू नयेत. इंग्लंडमध्ये घरी शिकवणाऱ्यांना दिवस किंवा तासांचं असं ठरावीक बंधन नाही, राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळायचंसुद्धा नाही, आणि जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं असल्यामुळे घरी शिकवायला जवळपास वावच नाही. राहता तिथला नियम स्वतः वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सांगितलं म्हणून नको. आणि पुढे ज्या बोर्डाची परीक्षा द्यायची मनात आहे त्याची वयाची अट आत्ताच बघून ठेवा, कारण दर वर्षी दहा आठवडे पुढे पळणारं मूल अटीच्या वयाआधीच सगळी पुस्तकं संपवून बसलं तर मधली दोन वर्षं करायचं काय हा प्रश्न उभा राहतो. त्यावर उपाय आहेत, एखादी भाषा, एखादं मोठं काम हातात घेणं, पण ते वेळेत सुचलं तर.

प्रश्न : मी १० वर्षांची आहे आणि घरी शिकते. हे पत्र मी स्वतः लिहिलंय, आईने फक्त ऱ्हस्व दीर्घ बघितलं. माझी मैत्रीण शाळेत जाते, तिचा रिझल्ट लागतो, ती पास झाली की सगळे तिला काहीतरी देतात. माझं पुस्तक संपलं की आई दुसरं पुस्तक देते. मी पास कधी होते?

उत्तर : अगं, तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण त्याचं उत्तर मला पटकन सुचेना. मोठ्या माणसांनी सहा पानी पत्रं पाठवली आणि त्यातल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही.

तुझ्या आईचं चुकलं नाहीये, पण आम्ही बारमाही शिकवणाऱ्या आया हे विसरतो खऱ्या. आम्हाला वाटतं की थांबायचं कशाला, चाललंय ना छान. आणि ज्याने पूर्ण पुस्तक केलं त्याला शेवटच्या पानावर जरा थांबून बघायचं असतं हे आमच्या लक्षातच राहत नाही. माझ्या मुलाने एकदा गणिताचं पुस्तक संपवलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी नवं आणून टेबलावर ठेवलं होतं, त्याने ते उचलून कपाटाच्या वर ठेवलं आणि म्हणाला, उद्यापर्यंत हे मला दिसू नको दे.

तर तू असं कर. संपलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारीख घाल आणि सही कर, तुझी पण आणि आईची पण. मग पहिलं पान उघड, आणि तेव्हा तुला काय येत नव्हतं ते आठवून बघ. त्यातलं सगळ्यात अवघड वाटलेलं एक निवड आणि ते घरातल्या कुणालातरी शिकव, ज्याला ते येत नसेल त्याला किंवा ज्याला येत असून विसरलंय त्याला, बाबा चालतील, बाबांना अपूर्णांकांचा भागाकार हमखास आठवत नसतो. त्यांना तुझ्याकडून समजलं की तू पास. त्या दिवशी अभ्यास नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही, असं ताईने सांगितलंय म्हणावं. काय द्यायचं ते आईबाबांनी ठरवू दे, पण काहीतरी द्यायचं, हे मी इथे छापून देतेय, त्यांना दाखव.

आणि नवं पुस्तक तू मागेपर्यंत आईने कपाटातच ठेवायचं. जास्तीत जास्त तीन आठवडे हं, तोपर्यंत तूच मागशील.